बालपणाची मुदत



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते त्या गुरुजींच्या हाताखाली मी मुळाक्षरे गिरवली. त्यांच्या नावाने उभ्या असलेल्या या व्यासपीठावर विद्वत्तेचा आव आणणे मला शक्य नाही. माझी पाटी कशी होती हे या गावाला पुरते ठाऊक आहे. म्हणून, विषय निवडण्याचे स्वातंत्र्य संस्थेने मला दिले तेव्हा मी असा विषय घेतला की ज्याचा पहिला धडा मला चोपड्यातच मिळाला. तो विषय म्हणजे बालपण. निरनिराळ्या काळांत आणि निरनिराळ्या समाजांत ते कसकसे होते, आणि कोणाच्या वाट्याला ते किती आले, याचा थोडा विचार आज आपण करू.

आरंभ शाळेच्या जनरल रजिस्टरपासून करतो. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ च्या अखेरीस भाऊसाहेब बांदोडकरांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि खेड्यापाड्यांतून सरकारी मराठी प्राथमिक शाळा झपाट्याने निघू लागल्या. ही संस्था स्थापन करण्यापूर्वी गुरुजी अशाच एका शाळेत शिकवीत. पोर्तुगीज अमदानीत जन्माची नागरी नोंद करण्याचा कायदा होता. परंतु आमच्या वाड्यावरील कित्येकांचे जन्म त्या दप्तरापर्यंत पोचलेच नव्हते. गुरुजी आयांना विचारीत, "मूल कधी झाले?" उत्तर येई, "बांध फुटला त्या पावसाळ्यात", किंवा "गाय व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी". गुरुजी मुलाकडे नीट पाहत, दात मोजत, आणि रजिस्टरात तारीख लिहीत: १ जून. आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले अशी एकाच दिवशी जन्मली!

त्या वर्गात माझ्या शेजारच्या रांगेत एक मुलगी बसे. ती शाळेत येई तेव्हा तिच्या कडेवर तिचा धाकटा भाऊ असे. आई मिठागरात कामाला, वडील नदीवर. मुलाला सांभाळणार कोण? गुरुजींनी वर्गाच्या मागच्या भिंतीशी एक गोणपाट अंथरून दिले. त्यावर ते मूल झोपे आणि त्याची बहीण पाढे म्हणे. मूल रडले की ती उठून त्याला बाहेर झाडाखाली घेऊन जाई आणि खिडकीतून फळा वाची. ती आणि मी एकाच वयाचे होतो, निदान रजिस्टराप्रमाणे तरी. परंतु मी मूल होतो, आणि ती कोण होती? हा प्रश्न त्या वेळी माझ्या मनाला शिवला नाही. तो पडायला मला पुष्कळ वर्षे लागली.

बालपण ही निसर्गाने दिलेली वस्तू आहे असे आपण सहज समजतो. शरीराची वाढ निसर्गाची आहे, यात शंका नाही. परंतु वाढत्या जीवाला किती वर्षे काम, लग्न, कर्ज आणि शिक्षा यांपासून दूर ठेवायचे, हे निसर्ग ठरवीत नाही. ते भोवतालचा समाज ठरवतो. या अर्थाने बालपण ही एक मुदत आहे. ती कोणाला मिळते, कोणाला नाकारली जाते आणि कोणाची दुसऱ्यासाठी खर्ची पडते, हे पाहिले म्हणजे समाजाचे अंतरंग कळते.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास तसा अलीकडचा आहे. फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मध्ययुगीन युरोपात बालपणाची कल्पनाच नव्हती, असे त्याचे प्रतिपादन होते. जुन्या चित्रांतील मुले त्याने दाखवली: अंगावर मोठ्यांचेच कपडे, चेहरेही मोठ्यांचे, फक्त उंची कमी. मूल आईवाचून वावरू लागले की ते थेट मोठ्यांच्या जगात शिरे, असे तो म्हणाला. या मताने मोठी खळबळ उडाली. पुढे १९८३ मध्ये लिंडा पोलॉक या विदुषीने जुन्या काळातील रोजनिशा आणि आत्मचरित्रे धुंडाळून दाखवून दिले की, त्या काळचे आईबापही मुलांच्या आजारपणात रात्री जागत आणि मूल गेले तर शोकाने व्याकूळ होत.

हा वाद आपल्याला परका नाही. मराठी माणसाला मुलाचे कौतुक कोणी शिकवावे लागले नाही. आपल्याकडे मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री सटी जागवतात, बाराव्या दिवशी पाळणा गातात. संतांच्या गौळणींतून बाळकृष्णाच्या खोड्या शतकानुशतके गायिल्या गेल्या. माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरात तर मायलेकरांची एकत्र पूजा होते, आणि आषाढातील चिखलकाल्याला मोठमोठे बाप्ये चिखलात लोळून लहानपणीचे खेळ खेळतात. तथापि ज्या घरात बाळकृष्णाचा पाळणा हलत असे, त्याच घरातील आठ-नऊ वर्षांच्या मुलीचे लग्न ठरत असे. त्यात कोणाला विसंगती वाटत नसे. याचा अर्थ असा की, माया आणि मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माया बहुधा सर्वत्र होती. मुदत मात्र सर्वांना नव्हती. आरिएसने मुदत नाही असे पाहिले आणि बालपणाची जाणीवच नाही असे म्हटले. तेथे त्याची गफलत झाली, असे मला वाटते.

मुदतीचे आकडे आपल्या शास्त्रकारांनीही घातले होते. नारदस्मृती आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला गर्भासमान मानते आणि सोळाव्या वर्षापर्यंत त्याला बाल अथवा पोगंड म्हणते. ब्राह्मणाच्या मुलाची मुंज आठव्या वर्षी, क्षत्रियाची अकराव्या, वैश्याची बाराव्या; शूद्राला ती नाहीच. आणि स्त्रियांचा विवाह हेच त्यांचे उपनयन, असे मनुस्मृती सांगते. म्हणजे एकाच गावात, एकाच वयाची चार मुले चार निरनिराळ्या मुदती घेऊन वाढत होती.

ही सरमिसळ एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायची असेल तर महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण घ्यावे. त्यांचा जन्म १८५८ चा, बालपण कोकणातील मुरुडचे. वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. वधू आठ वर्षांची होती. पुढे १८७५ मध्ये सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी ते मुरुडहून डोंगर-घाट पायी तुडवीत साताऱ्याला गेले. परीक्षेला सतरा वर्षे पुरी असण्याची अट होती. वय भरत होते. परंतु अंगाने किरकोळ असल्यामुळे ते लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. समाजाच्या लेखी जो मुलगा दोन-तीन वर्षांपूर्वीच संसारी झाला होता, तो सरकारच्या लेखी अजून पोर होता!

मुलींच्या बाबतीत तर परत पाठवणारा परीक्षकही नव्हता. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. मोठेपणी त्यांनी नांदायला जाण्यास नकार दिला, तेव्हा १८८४ मध्ये नवऱ्याने मुंबईच्या न्यायालयात दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितले की नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली, आणि पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. ज्या वयात माझी संमती असूच शकत नव्हती, त्या वयातील विधी मला कसा बांधील, हा त्यांचा प्रश्न होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हा या दोन वर्षांसाठी महाराष्ट्रात केवढे रण माजले हे आपण जाणता.

परके सरकारही या बाबतीत निर्मळ नव्हते. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली. त्याच सरकारने हिंदुस्थानासाठी कारखान्यांचा पहिला कायदा केला तो १८८१ मध्ये, आणि त्यात वयाची मर्यादा घातली सात वर्षांची. तब्बल अठ्ठेचाळीस वर्षांनंतर, आणि तीही दोन वर्षांनी कमी! मुंबईच्या गिरणीत शिरलेले कोकणातले पोर आणि मँचेस्टरचे पोर यांच्या बालपणाचे मोल एकाच राज्याने असे वेगवेगळे ठरवले. १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ झाली.

आता आपल्या गोव्याकडे वळू. मुदतीचा प्रश्न येथे फार पूर्वी, आणि फार दारुण स्वरूपात आला. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाचा एक हुकूम निघाला. ज्या हिंदू मुलांना आईबाप आणि आजी-आजोबा उरले नसतील, त्यांना अनाथ समजून जेझुइटांच्या सेंट पॉल विद्यालयाच्या स्वाधीन करावे आणि बाप्तिस्मा द्यावा, असा त्याचा आशय होता. पुढे बाप वारला आणि आई जिवंत असली, तरी ते मूल अनाथ ठरू लागले. आई, काका, मामा यांच्या मांडीवर वाढणारे मूल आपल्या समाजात अनाथ नव्हते. दुसऱ्याच्या मोजपट्टीने ते अनाथ झाले. त्या काळी जी कुटुंबे देव घेऊन नदीपार गेली, त्यांच्या स्थलांतराच्या कारणांत या हुकुमाचीही गणना होते. माशेलचा देवकीकृष्ण मूळचा चोडणचा. चोडणहून तो मयेला आणि तेथून माशेलला आला. मुलाला बरोबर घेतलेल्या आईचे दैवत असे गाव सोडून निघते, ही घटना मला नेहमी अंतर्मुख करते.

आपला पेडणे महाल त्या वेळी पोर्तुगीजांकडे नव्हता. डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये त्यांच्या ताब्यात गेले, तोपर्यंत तो पहिला आवेश ओसरला होता. नव्या काबिजादीतील लोकांचे जुने रीतिरिवाज बहुतांशी तसेच राहिले. चांगलेही राहिले आणि वाईटही राहिले. ज्यांची ऐपत होती त्यांनी सावंतवाडी-मालवणकडून मास्तर आणून ओसरीवर मराठी शाळा चालवली. ज्यांची नव्हती त्यांची मुले गुरांमागे, खाजनात, मानशीवर आणि ओहोटीच्या वेळी नदीच्या पात्रात खुबे वेचताना वाढली.

गोमंतकातील दोन बालपणे मी आपणापुढे ठेवतो. पहिले धर्मानंद कोसंबींचे. १८७६ मध्ये साखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. शिक्षण तुटक-तुटक झाले, पंधराव्या वर्षाच्या आसपास लग्न झाले आणि घरच्या माडांच्या बागायतीची देखरेख अंगावर आली. पुढे विशीत आल्यावर 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले, आणि त्या वाचनाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. मुलांसाठी लिहिलेला मजकूर संसारी माणसाच्या हाती पडला आणि त्यातून बौद्ध धर्माचा थोर पंडित निर्माण झाला! लहानपणी न मिळालेली मुदत त्यांनी १८९९ मध्ये घर सोडून स्वतःच्या हिमतीने मिळवली. मात्र असे घर सोडणे पुरुषालाच शक्य होते, आणि त्यांच्यामागे घर सांभाळणारी पत्नी होती, हेही विसरता येत नाही.

दुसरे बालपण मोगूबाई कुर्डीकरांचे. १९०४ मध्ये कुर्डी येथे त्या जन्मल्या. दहाव्या वर्षाच्या सुमारास आईने त्यांना नाटक मंडळीत नेले. १९१४ मध्ये आई वारली, आणि ती मुलगी रंगभूमीवर, परक्या माणसांत वाढली. पुढे त्या 'गानतपस्विनी' झाल्या, हे आपणा सर्वांना भूषणावह आहे. परंतु कलावंत समाजातील ज्या शेकडो मुली त्याच वाटेने गेल्या आणि ज्यांचे नाव कोणाला ठाऊक नाही, त्यांच्या लहानपणाचा हिशेब कोणी ठेवला नाही. यशस्वी माणसाच्या खडतर बालपणाचे गोडवे गाताना आपण हे भान ठेवले पाहिजे. हाल सोसल्यामुळे माणसे मोठी होतात, हा सुखवस्तूंनी स्वतःचे समाधान करून घेण्यासाठी काढलेला सिद्धान्त आहे.

येथे एक शंका रास्तपणे उपस्थित होईल. काम करणारे मूल नेहमीच दुःखी असते काय? मार्गारेट मीड या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्ये सामोआ बेटांवरील मुलींविषयी एक पुस्तक लिहिले. त्यांच्या काही निष्कर्षांवर १९८३ मध्ये डेरेक फ्रीमन यांनी कडक टीका केली. तो वाद अजूनही संपलेला नाही. परंतु तेथील सहा-सात वर्षांच्या मुली धाकट्या भावंडांना अंगाखांद्यावर वागवतात, हे मीडबाईंनी नोंदवलेले चित्र आपल्या पेडण्यातील कोणत्याही वाड्यावरचे वाटावे असे आहे. त्या कामात जिव्हाळा आहे, शहाणपण आहे. माझ्या त्या वर्गभगिनीला मूल निजवता येत होते, भरती-ओहोटीची वेळ कळत होती, मिठाच्या कोंडीत पाणी कधी घ्यावे हे समजत होते. मला यातले काहीच येत नव्हते. तिचे बालपण रिते नव्हते. ते दरिद्री होते ते एवढ्याचसाठी की, त्यातून बाहेर पडण्याचा दरवाजा तिला नव्हता.

दरवाजा कसा काढावा हे ज्यांना समजले अशा दोन स्त्रियांचे स्मरण येथे केले पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांपर्यंत नेले. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात; तेव्हा शाळाच कुरणात गेली. तिला 'कुरणशाळा' म्हणत. मुले घरचे अंगण सोडत नाहीत, तर अंगणातच बालवाडी भरली, ती 'अंगणवाडी'. आज देशभर रूढ झालेला हा शब्द त्या कामातून आला. मुलाच्या जगण्याला नावे न ठेवता त्याच्या जगण्यातच शिक्षणाला जागा करायची, ही ती दृष्टी होय. आणि अनुताई स्वतः कोण होत्या? तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेली मुलगी. जिला स्वतःला मुदत मिळाली नाही, तिने ती हजारो मुलांना मिळवून दिली. वर्गाच्या भिंतीशी अंथरलेले आमच्या गुरुजींचे गोणपाट याच जातीचे होते. त्यांनी कोसबाडचे नाव ऐकले होते की नाही, मला सांगता येणार नाही.

आजची स्थिती काय? कायद्याने आपण पुष्कळ पुढे आलो आहोत. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये बालहक्कांची संहिता संमत केली. भारताने १९९२ मध्ये ती स्वीकारली. गोव्याने २००३ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि मुलांचे न्यायालय स्थापन केले. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. मुदत आता कागदावर सर्वांना सारखी आहे.

परंतु शिवोलीच्या पुलावरून चोपड्यात उतरताना डोळे उघडे ठेवावेत. पूर्वी फेरीबोटीची वाट पाहत आपण ज्या धक्क्यावर खेळत असू, त्याच्या दोन्ही अंगांना आज बांधकामे उभी राहत आहेत. २०२२ च्या अखेरीस मोपा विमानतळाचे उद्घाटन झाले आणि आपल्या तालुक्याचे रूप पालटले. ही कामे करायला परराज्यांतून जे मजूर येतात, त्यांची मुले पत्र्याच्या खोपटांतून राहतात. त्या खोपटांच्या दारात सात-आठ वर्षांची एखादी मुलगी कडेवर भाऊ घेऊन उभी असलेली मी पाहतो, तेव्हा मला माझा वर्ग आठवतो. काम संपले की ते कुटुंब हलते, आणि मुलांची शाळा सुटते. दुसरीकडे आपल्या नातवंडांना मुदत मिळाली आहे, परंतु ती शिकवण्या, परीक्षा आणि हातातील पडदा यांनी गच्च भरून टाकलेली आहे. नदी त्यांच्या घरामागून वाहते आणि त्यांना पोहता येत नाही. एका मुलाला जबाबदारीखेरीज काही नाही आणि दुसऱ्याला जबाबदारीच नाही. एकाच वाड्यावर ही दोन टोके नांदत आहेत. आणि या दोघांना एका बाकावर आणू शकणाऱ्या अनेक सरकारी मराठी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद पडल्या आहेत.

आम्हा माजी विद्यार्थ्यांना आपले बालपण सोन्याचे वाटते. आंबे, नदी, शिगमा, गुरुजींची छडी, सारेच गोड वाटते. ते गोड होते यात खोटे काही नाही. पण ते कोणाच्या जिवावर गोड होते, हे विचारण्याचे धैर्य आपल्यात असावे. माझ्या घरी माझी भावंडे सांभाळायला एक पोरवयाची मुलगी कामाला होती. तिला शाळेत का पाठवले नाही, असे मी आईला कधी विचारले नाही. आई तिच्यावर माया करी, हे खरे. पण मघाशी मी म्हटले तेच पुन्हा म्हणतो, माया निराळी आणि मुदत निराळी.

माझी ती वर्गभगिनी चौथीनंतर शाळेत आली नाही. गोणपाटावर झोपणारा तिचा भाऊ मात्र शिकला, मॅट्रिक झाला, नोकरीला लागला. काही वर्षांपूर्वी ती मला पेडण्याच्या बाजारात भेटली. हातात कागदांची पिशवी होती. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे मिळण्यासाठी साठ वर्षे पुरी असल्याचा दाखला हवा होता. शाळेतून तो मिळाला होता. तिने तो मला मोठ्या कौतुकाने दाखवला. त्यावर जन्मतारीख होती १ जून. ती हसून म्हणाली, "अरे, गुरुजींनी त्या दिवशी नाव घातले म्हणून आज मी म्हातारी झाले, नाही तर तेही झाले नसते." मी हसलो, परंतु घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. ज्या समाजाने तिला मूल म्हणून कधी मोजले नाही, त्याच्या दप्तरात तिची एवढीच एक नोंद होती, आणि ती गुरुजींच्या हातची होती.

गुरुजींनी जग बदलले नाही. त्यांनी एका मुलीचे नाव रजिस्टरात घातले आणि एक गोणपाट अंथरले. त्यांच्या स्मृतिदिनी मी या संस्थेपुढे आणि माजी विद्यार्थी मंडळापुढे एकच विनंती ठेवतो. पुलाच्या पलीकडे-अलीकडे जी खोपटी आहेत, त्यांतील प्रत्येक मुलाचे नाव आपल्या रजिस्टरात यावे. जन्मदाखला नसेल, भाषा वेगळी असेल, कडेवर भाऊ असेल, तरी यावे. ते मूल चार महिन्यांनी दुसऱ्या गावी गेले, तर दाखला त्याच्या हाती देऊन त्याला पाठवावे, म्हणजे पुढची शाळा त्याला दारातून परतवणार नाही. आणि आपल्या घरच्या मुलांनी त्या मुलांच्या शेजारी बसावे. त्यांच्याकडून त्यांनाही काही शिकता येईल.